केपटाऊनहून, बाबा घोरतायत तोवर

प्रिय सोन्या,

ग्रुपवर फोटो टाकलेत ते बघितले असशीलच, पण काही गोष्टी फोटोत येत नाहीत म्हणून हे लांबलचक टाइप करतेय, बाबा घोरतायत आणि मला काही झोप नाही.

जोहान्सबर्गला अपार्थाइड म्हणजे तिथल्या वर्णभेदाच्या म्युझियममधे तिकिटावरच ठरतं तू गोरा की गोरा नसलेला, हातात येईल ते आपलं, आणि दारंही वेगळी. मी गोरी निघाले! बाबा नाही. हसत हसत आत शिरले तर बाबा जाळीच्या पलीकडे, माझा चष्मा त्यांच्या खिशात, आणि देता येईना. दोन्हीकडे त्या काळच्या ओळखपत्रांचे मोठ्ठे फोटो. १९५० च्या कायद्याने प्रत्येकाची वंशाप्रमाणे नोंद केली म्हणे, आणि शंका आली तर केसात पेन्सिल खोचून बघायचे, पडली तर गोरे, अडकली तर नाही. आपल्यातल्या एक काकू म्हणाल्या "आपली पडली असती हो" आणि सगळे खो खो हसले, मी पण.

सोवेटोत, म्हणजे जोहान्सबर्गजवळच्या काळ्यांच्या वस्तीत, मात्र कुणी हसलं नाही. १६ जून १९७६ ला आफ्रिकान्समधून, म्हणजे गोऱ्या राज्यकर्त्यांच्या भाषेतून, शिकायची सक्ती नको म्हणून शाळकरी पोरं रस्त्यावर आली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. हेक्टर पीटरसन, बारा-तेरा वर्षांचा. त्याला उचलून पळणाऱ्या मुलाचा फोटो आहे तिथे, मी फार वेळ नाही बघू शकले.

आज रॉबेन आयलंड. बोटीत निम्म्या ग्रुपला उलट्या, ते असो. तुरुंग दाखवणारे काका स्वतः तिथले कैदी होते. मंडेलांची खोली पाहिली, २७ पैकी १८ वर्षं या बेटावर, आपल्या बाथरूमपेक्षा थोडीशीच मोठी असेल. पण माझ्या डोक्यात बसलाय तो कैद्यांच्या जेवणाचा तक्ता. एशियाटिक आणि कलर्ड (म्हणजे मिश्र वंशाचे) एका रांगेत, काळे दुसऱ्या. आपल्या लोकांना जाम, त्यांना नाही. १९६४ मधे मंडेलांबरोबर अहमद कथराडा पण जन्मठेपेवर आले, एकच केस, एकच शिक्षा, पण ते भारतीय म्हणून त्यांना फुल पँट आणि मंडेलांना हाफ. त्याच केसमधले डेनिस गोल्डबर्ग गोरे, ते तर या बेटावर आलेच नाहीत, त्यांना प्रिटोरियात ठेवलं. म्हणजे जेलमधे पण पायऱ्या, आणि आपण मधल्या पायरीवर, वरच्याच्या नावाने बोंब मारत खालच्यापेक्षा चमचाभर जास्त खाणारे.

आणि मला काय आठवलं सांगू, आपल्या खिडकीतला तो दांडा तुटलेला कप. मावशींचा. तू तिसरीत असताना विचारलं होतंस, त्यांचा कप रॅकमधे का नाही, आणि मी म्हटलं होतं, अरे त्यांना तोच आवडतो. पणजीआजीकडे तर बाहेरच्या कोनाड्यात बशी होती, वरून चहा ओतायचे, मीच ओतलाय लहानपणी. त्यामानाने आपण सुधारलेले असं मी आजवर धरून चालले होते.

बाबांना बोलले तर म्हणाले, तुझं काहीतरीच, कुठे हे कुठे ते. असेल. पण तक्ता बघताना ते पण गप्पच होते.

आम्ही रविवारी रात्री पोचतोय. सोमवारी सकाळी मावशी येतील तेव्हा मी उठलेली नसेन, चहा तूच कर. रॅकमधल्या निळ्या फुलांच्या कपात दे. त्यांनी विचारलं आज हा कसा, तर काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही, तुला सुचलं तर बघ.

दूध शनिवारीच आणून ठेव.

आई