तक्रार पत्र: दोन कमांडसाठी घेतलेले अख्खे रूट

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(सर्व्हर देखरेख सॉफ्टवेअर)

विषय: तुमच्या एजंटने आमच्या लिनक्स सर्व्हरांवर न सांगता घेतलेले रूटचे अधिकार आणि त्यावर सपोर्टने दिलेली उत्तरे

महोदय,

आमच्या संस्थेचे लिनक्स सर्व्हर सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. तुमचे देखरेखीचे सॉफ्टवेअर आम्ही रीतसर सबस्क्रिप्शन भरून वापरतो. डॅशबोर्ड चांगला आहे, अलर्ट वेळेवर येतात, त्याबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती तुमच्या एजंटच्या (सर्व्हरवर बसून माहिती गोळा करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) इन्स्टॉलरने परस्पर टाकलेल्या एका ओळीबद्दल. तिने एजंटला रूटचे, म्हणजे सर्व्हरवर वाटेल ते करू शकणाऱ्या मुख्य युजरचे, अधिकार मिळतात. सपोर्टकडे तिकीट उघडले होते; प्रश्न तसाच ठेवून ते ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद करण्यात आले. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

सुडो म्हणजे साध्या युजरला रूट म्हणून कमांड चालवू देणारी सोय; कोणाला काय चालवता येईल याचे नियम (सुडोअर्स) सुडोअर्स.डी डिरेक्टरीतल्या फाइलींतही असतात. ती ओळ तिथल्या तुमच्या फाइलमध्ये आहे. एजंटच्या युजरचे नाव आणि त्यापुढे: ऑल=(ऑल) नोपासवर्ड: ऑल. तुमच्या डेव्हलपरांना अर्थ सांगायची गरज नसावी, पण हे पत्र त्यांच्याआधी दुसऱ्या कोणाच्या हाती पडेल म्हणून लिहितो. पहिला ‘ऑल’ म्हणजे कोणत्याही होस्टवर (मशीनवर), कंसातला म्हणजे कोणत्याही युजरच्या नावाने, शेवटचा म्हणजे वाटेल ती कमांड, आणि हे सगळे पासवर्ड न विचारता. हा एजंट नेटवर्कवर पोर्ट उघडून बसतो, बाहेरून आलेला मजकूर वाचतो. उद्या त्यात एखादी फट सापडली, तर हल्लेखोराला रूट होण्यासाठी वेगळी खटपट करावी लागणार नाही. ती सोय इन्स्टॉलरनेच करून ठेवली आहे.

तुमच्या मार्गदर्शिकेत या ओळीचा एका शब्दाने उल्लेख नाही. मार्गदर्शिका सांगते की कर्लने इंटरनेटवरून स्क्रिप्ट खेचा आणि थेट सुडो बॅशला पाइप करा, म्हणजे न वाचताच रूट म्हणून चालवा. स्क्रिप्टमध्ये फेरफार झालेला नाही हे पडताळायला सोबत ना चेकसम, ना स्वाक्षरी. आमच्याकडे अशी स्क्रिप्ट आधी उतरवून वाचतात, म्हणून तरी ही ओळ नजरेस पडली. ती ‘इको’ करून फाइलमध्ये ढकलली आहे. सुडोअर्सचे व्याकरण पाहणाऱ्या व्हिसुडोकडून तपासून घेण्याचीही तसदी घेतलेली नाही. सुडोच्या जुन्या आवृत्त्यांत अशा फाइलमध्ये व्याकरणाची एक चूक राहिली तरी सुडो सगळ्यांसाठीच बंद पडते, आणि रूटचा पासवर्ड लॉक करून ठेवलेला असेल तर मग रिकव्हरी मोडशिवाय गत्यंतर नसते.

आता एजंटला रूट लागते तरी कशाला? हे कोणाला विचारण्याची गरज पडली नाही. सुडो आपली प्रत्येक कमांड लॉगमध्ये नोंदवते. तुमच्या एजंटच्या युजरच्या नोंदी गाळून काढल्या. पानेच्या पाने एकच मजकूर होता: पीडब्ल्यूडी=/ ; युजर=रूट ; कमांड=/यूएसआर/एसबिन/स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए. म्हणजे डिस्कची प्रकृती विचारणे. अधूनमधून, अपडेटनंतर, सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमसीटीएलने स्वतःचीच सर्व्हिस रिस्टार्ट करणे. बस्स. तिसरी कमांड मला तरी सापडली नाही.

हे लॉग तिकिटाला जोडून विचारणा केली, तेव्हा पहिले उत्तर आले की इतर ग्राहकांची तक्रार नाही आणि ‘सुडो मुळातच सुरक्षित आहे’. सुडो सुरक्षित राहते ते नियम लिहिणाऱ्याच्या शहाणपणावर. शिवाय खुद्द सुडोतही दोष निघतात. जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी उघड केलेला ‘बॅरन सॅमेडिट’ नावाचा दोष २०११ पासून कोडमध्ये होता, आणि सुडोअर्समध्ये नाव नसलेल्या साध्या युजरलाही त्यातून रूट होता येत होते. २०२५ मध्ये सुडोच्या सीएचरूट पर्यायातला (कमांडसाठी वेगळी मूळ डिरेक्टरी ठरवणाऱ्या) दोष निघाला, तो १.९.१७पी१ आवृत्तीत दुरुस्त झाला. असे पॅच आम्ही आले की लावतो. पण जिथे नियमच ‘वाटेल ते करा’ असा आहे, तिथे पॅच काय करणार?

त्यानंतर पाठपुरावा केल्यावर सपोर्टने ‘मर्यादित अधिकारांची’ नवी फाइल पाठवली आणि ती तपासून पाठवल्याचेही लिहिले. या फाइलबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे.

तिचे नाव होते एजंट.कॉन्फ. सुडोअर्स.डी डिरेक्टरीतल्या ज्या फाइलच्या नावात टिंब असते ती फाइल सुडो वाचतच नाही. पॅकेज मॅनेजरने मागे सोडलेल्या किंवा एडिटरच्या बॅकअप फाइली चुकून लागू होऊ नयेत म्हणून ही सोय आहे आणि मॅन पेजमध्ये (सुडोच्या माहितीपानात) ती स्पष्ट लिहिलेली आहे. म्हणजे तुमची नवी फाइल तिथे नुसती शोभेला होती. एजंट मात्र सुरळीत चालला, कारण जुनी फाइल काढा असे कोणी सांगितलेच नव्हते. ती शेजारीच होती आणि तिचा ‘ऑल’ लागू होता. ‘तपासून पाठवली’ याचा अर्थ एवढाच की कोणीतरी एजंट चालतो का ते पाहिले. सुडो -एल चालवून त्या युजरला प्रत्यक्षात काय काय करता येते, ते पाहिले नाही.

टिंब काढून आणि जुनी फाइल हटवून ती लागू केली असती, तर? तिच्यात एक नियम होता की कॉन्फिगरेशन बदलण्यासाठी व्हीआय हा एडिटर रूट म्हणून उघडू द्यावा. व्हीआयमध्ये :!बॅश टाइप केले की रूटचे शेल, म्हणजे वाटेल ती कमांड टाइप करण्याची जागा, हातात येते. फाइल बदलण्यासाठी सुडोएडिट आहे, त्यात एडिटर युजरच्याच अधिकारात चालतो. दुसरा नियम फाइल वाचून दाखवणाऱ्या कॅट कमांडचा, कॅट /व्हार/लॉग/एजंट/* असा. वाचायला निरुपद्रवी वाटतो, पण सुडोअर्समध्ये आर्ग्युमेंटमधला (कमांडपुढच्या मजकुरातला) तारा स्लॅशलाही जुळतो आणि स्पेसलाही. त्यामुळे लॉगच्या नावापुढे एक स्पेस देऊन /इटीसी/शॅडो लिहिले की सगळ्यांचे पासवर्ड हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपे) समोर येतात. तिसरा नियम सिस्टमसीटीएल *. इथे तर वाटेल ती युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी फाइल) लिंक करून सुरू करता येते, आणि तिच्यात जे लिहिले असेल ते रूट म्हणून चालते. शेवटचा नियम तुमच्या स्वतःच्या ‘हेल्पर’ स्क्रिप्टचा होता. ती स्क्रिप्ट ज्या डिरेक्टरीत आहे तिची मालकी एजंटच्याच युजरकडे आहे. त्याने स्क्रिप्टच्या जागी स्वतःची दुसरी ठेवली आणि मग तीच सुडोने चालवली, की झाले. थोडक्यात, एक उघडे दार बंद करून चार खिडक्या उघडण्याचा हा प्रकार झाला. नियम लिहिणाऱ्याची मेहनत दिसते, हे मान्य.

जाता जाता: त्याच तिकिटात लॉग लिहिला जात नसल्याबद्दल विचारले होते. त्यावर ‘डिरेक्टरीला चमॉड ७७७ करा’, म्हणजे ती सगळ्यांना लिहायला मोकळी करा, असा सल्ला मिळाला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. डिरेक्टरीची मालकी चुकीच्या ग्रुपकडे होती, ती चाऊनने (मालकी बदलणाऱ्या कमांडने) दुरुस्त केली. असे सल्ले तुमच्या सपोर्टच्या साच्यातल्या उत्तरांतून काढून टाकावेत, ही विनंती.

सर्वांत चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. आम्ही जुनी फाइल हटवली, तर एजंटच्या पुढच्या अपडेटने ती पुन्हा आणून ठेवली. पॅकेजची इन्स्टॉलनंतर चालणारी स्क्रिप्ट दर वेळी ती नव्याने लिहिते. आधी होती का, का काढली, काही विचारत नाही. आणि चाचणीच्या एका सर्व्हरवरून एजंट पूर्ण अनइन्स्टॉल केला, तेव्हा प्रोग्रॅम गेला, पण युजर आणि त्याच्या नावचा नियम दोन्ही मागे राहिले. म्हणजे तुमचे सॉफ्टवेअर सोडून गेलेल्या ग्राहकांच्या सर्व्हरवर ही ओळ अजूनही पडून असण्याची दाट शक्यता आहे. त्यांना तुम्ही कळवणार आहात का?

सुडोमधून नेमक्या कामापुरते अधिकार देता येतात. स्मार्टसीटीएलची कमांड पूर्ण पाथ आणि ठरलेल्या आर्ग्युमेंटसह लिहिली, कुठेही तारा न टाकता, तरी निम्मे काम होते. पण खरे सांगायचे तर तुमच्या एजंटला सुडो लागायलाच नको. डिस्कची माहिती सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या यंत्रणेच्या) टायमरने रूट म्हणून ठरावीक वेळाने काढून एका फाइलमध्ये ठेवता येते. एजंटने ती फाइल फक्त वाचायची. रिस्टार्टचे तर आणखी सोपे: युनिट फाइलमध्ये रिस्टार्ट=ऑलवेज लिहा, अपडेटनंतर एजंटने स्वतःहून बाहेर पडावे, सिस्टमडी त्याला पुन्हा उभा करते. आमच्याकडे सध्या याच पद्धतीने एजंट चालू आहे. स्मार्टसीटीएलच्या पाथच्या जागी, ती फाइल वाचून दाखवणारी छोटी स्क्रिप्ट तुमच्या कॉन्फिगरेशनमध्ये दिली आहे. डॅशबोर्डवर काडीचाही फरक पडलेला नाही. मात्र अपडेट झाला की सुडोअर्समधली फाइल पुन्हा हटवावी लागते, आणि हे काम ग्राहकाने का करावे?

तेव्हा आमची मागणी अशी. पुढच्या आवृत्तीत ही ओळ टाकणे बंद करावे, आणि अपडेटच्या स्क्रिप्टने ग्राहकाने काढलेली फाइल परत लिहू नये. अनइन्स्टॉल करताना नियम आणि युजर दोन्ही जावेत. एजंटला कोणते अधिकार लागतात आणि कशासाठी, हे मार्गदर्शिकेत इन्स्टॉलच्या पायरीआधी लिहावे. पाइपच्या ऐवजी स्वाक्षरी केलेले पॅकेज द्यावे. सर्व ग्राहकांना, सोडून गेलेल्यांनाही, सुरक्षा सूचना पाठवावी. तोपर्यंत आमचे तिकीट पुन्हा उघडून ते सपोर्टऐवजी प्रॉडक्टच्या सुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे द्यावे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. ते न मिळाल्यास सबस्क्रिप्शनचे नूतनीकरण होणार नाही आणि उरलेल्या मुदतीच्या परताव्याची मागणी वेगळ्या पत्राने केली जाईल. लॉगचे उतारे, सपोर्टने पाठवलेली फाइल आणि सुडो -एलचे आउटपुट सोबत जोडले आहे.

कळावे,

आपला,
सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर
(ग्राहक क्रमांक तिकिटावर नोंदवलेला आहे)