सड्यावरची पिटकोळी

महोदय,
गेल्या आठवड्यात गोव्यातल्या आमच्या पेडण्यात रस्त्याकडेची झुडपं साफ करताना पिटकोळीही जेसीबीखाली गेली. जीव हळहळला. हे काही माजलेलं रान नव्हे. कॉफीच्या कुळातलं हे आपलं मूळचं झुडूप, शास्त्रीय नाव इक्झोरा कोक्सिनिया. सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जांभ्या दगडाच्या फटीत, वीतभर मातीत कमरेएवढं वाढतं. जाड पानं समोरासमोर, देठ जवळजवळ नाहीच. लाल गुच्छातल्या प्रत्येक फुलाला चार पाकळ्या आणि सुईसारखी लांब नळी. तिच्या तळाचा मध लांब सोंडेच्या फुलपाखरांना मिळतो. लहानपणी आम्हीही तो चोखायचो. पिकलेली फळंही खायचो. आता त्या रस्त्याकडेला शोभेची परदेशी झाडं नकोत, पिटकोळीच लावावी. पावसाळ्यात तिची फांदीही रुजते.
– एक वाचक, पेडणे