दोन्ही गंधार राहू देत

नौपाडा, ठाणे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या दोन्ही फाइल ऐकल्या. आधी तुझी मूळ चाल, मग म्युझिक कंपनीच्या सांगण्यावरून बदललेली, मग पुन्हा मूळ. "बाबा, तीन-चार बदल तर केलेत," असं तू फोनवर म्हणालीस. ते बदल एकाच तोलाचे नाहीत, म्हणून हे पत्र.

सुरुवातीचा हार्मोनियमचा तुकडा कापलास, त्याचं फार वाईट वाटलं नाही. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं तरच ते ऐकलं असं धरतात. आवाज लवकर यायला हवा, हे कंपनीचं म्हणणं मला कळतं. आपल्याकडे रेकॉर्डिंग आलं तेव्हापासून वेळेचा काच आहेच. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान ग्रामोफोनसाठी गायल्या, तेव्हा तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळत. मैफलीत तासभर रंगणारी चीज तेवढ्यात बसवायची. विस्तार गेला, पण गाणं गौहरजानचंच राहिलं.

माझा जीव अडकलाय तो अंतऱ्यात. मूळ चालीत तू शुद्ध गंधारावरून मध्यमाला जातेस आणि उतरताना कोमल गंधार घेऊन हलकेच षड्जावर येतेस. लहानपणापासून दोन्ही गंधारांचा जोग राग कानावर पडलेल्या मुलीलाच अशी जागा सुचते. दुसऱ्या फाइलमध्ये तो कोमल गंधार नाही. 'उदास वाटतं, लोक पुढे जातील' म्हणून काढायला लावला. ठेकाही बदलला, आणि तो कुठून आला ते तूच सांगितलंस. त्यांनी सध्या गाजणारं एक गाणं रेफरन्स म्हणून पाठवलं, वर निरोप: 'असंच काहीतरी, पण केस होणार नाही इतपत वेगळं.'

मनू, मला भीती वाटते ती या निरोपाची. वेळ कमी दिला तर कलाकार नेमकं काय सांगायचं याचा विचार करतो. गाजलेलं गाणं समोर ठेवलं की त्याच्यापासून किती लांब राहायचं, एवढंच मोजत बसतो. आणि ते गाणं ज्याने केलं, त्याच्याही समोर कुणीतरी आदल्या वर्षीचं गाणं ठेवलं असेल. मग सगळ्यांच्या चाली एकमेकींच्या बहिणी वाटल्या तर नवल काय!

आपल्या ठाण्यातही हेच चाललंय. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांना मी तबल्यावर असतो. गाण्यांची यादी आयोजकांकडून येते. प्रायोजकाला गर्दी हवी असते आणि गर्दीला ओळखीची गाणी. ती गाणी मलाही प्रिय आहेत, वाजवताना अजून अंगावर काटा येतो. पण तीही कधीतरी नवी होती आणि कुणीतरी त्यांना जागा दिली होती. आज एखादी नवी चाल घ्या म्हटलं की 'शेवटी बघू' म्हणतात, आणि शेवटी भैरवीची वेळ झालेली असते.

अंधेरीत राहायचं तर भाडं भरावं लागतं, हे मला कळत नाही का? जिंगलची कामं येतात ती घे, त्यांना हवी तशी करून दे, मन लावून कर. पण या गाण्यावर संगीतकार म्हणून तुझं नाव लागणार आहे. तेव्हा तिसरी फाइल कर: सुरुवात त्यांच्या मनासारखी आखूड, अंतरा आणि ठेका तुझा. नाहीच म्हणाले तर त्यांना दुसरी चाल दे आणि ही स्वतःजवळ ठेव.

आणखी एक. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीमुळे गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहून काढून घेता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. तरीही 'एकरकमी मोबदला, सर्व हक्क कंपनीचे' अशी वाक्यं नव्या मुलांपुढे सर्रास ठेवतात आणि मुलं सही करून मोकळी होतात. आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचं, सभासदत्व अजून घेतलं नसशील तर या महिन्यात अर्ज भर. कराराची प्रत मला शनिवारच्या आत पाठव. आईच्या ओळखीच्या वकीलबाई वाचून देणार आहेत, तोवर सही करू नकोस.

तुझा,
बाबा