जुन्या गाडीचे रबर कोण बनवणार?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांवर टीका केली आहे. ही मंडळी ग्रील, हबकॅप, नावाच्या पट्ट्या स्वतः घडवून लावतात, हा नुसता थाट आहे आणि त्याने गाडीचे जुनेपण जाते, असे त्यांचे म्हणणे. थाटाबद्दल त्यांचे बरोबर आहे. फेरी निघाली की काहीजण गाडीपेक्षा स्वतःच जास्त चकाकतात. पण गाडीच्या अंगावरचे हे भाग फक्त मिरवायला असतात, हा समज गोव्याच्या पावसात टिकत नाही.

मी खाणीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा कारागीर होतो. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा निवृत्तीला आलोच होतो. घरी वडिलांनी घेतलेली १९६८ची फियाट ११०० डिलाईट आहे, गोव्याच्या जुन्या ‘जीडी’ नंबरपाटीसकट. या गाडीत सर्वात महत्त्वाचा भाग कोणता, असे कुणी विचारले तर मी इंजिन म्हणणार नाही. इंजिन दुरुस्त होते. मी म्हणेन, समोरच्या काचेभोवतीचे रबर.

ते कडक होऊन तडकले की पाणी काचेखालून आत उतरते, मॅटखाली साचते, आणि चतुर्थीपर्यंत फ्लोअरचा पत्रा हाताने तुटू लागतो. पुढच्या दाराच्या त्रिकोणी काचेचे रबर गेले की दार तळातून कुजते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात किनाऱ्याचा खारा वारा. मग पत्रा कापून नवा जोडणे आले. आणि इथे कायदा आडवा येतो. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात जपलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठी उलथापालथ न केलेली असेल तर तिला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. म्हणजे हातभर रबर मिळाले नाही म्हणून बॉडीच बदलत गेलात, तर उद्या व्हिंटेज कशाला म्हणणार?

पूर्वी हे भाग मिळत. पद्मिनी हे डिलाईटचेच पुढचे नाव, त्यामुळे मुंबईच्या टॅक्सी भंगारात निघत तोवर चोर बाजारात हवे ते सापडे. ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. ती विहीर आटली. अँबॅसॅडर तर २०१४पासूनच बंद आहे. आता भाग हवा असेल तर घडवावाच लागतो.

आणि घडवणे म्हणजे काय, हे टीका करणाऱ्यांनी एकदा पाहावे. डिकीवरची नावाची पट्टी घ्या. मूळ पट्टी जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते. वरच्या क्रोमच्या थराला बारीक छिद्र पडले की दमट हवा आत शिरते, जस्त फुगते आणि वर पुटकुळ्या येतात. ती पुन्हा प्लेटिंगला, म्हणजे धातूचा थर चढवायला नेली तर बहुतेक प्लेटर हात जोडतात, कारण आम्लाच्या टाकीत जस्त विरघळते. आधी सायनाइडच्या द्रावणातून तांब्याचा थर द्यावा लागतो आणि ते काम सगळे घेत नाहीत. म्हणून आम्ही पितळेत ओततो. डिचोलीच्या कासारांचा हात समईवर बसलेला आहे, त्यांना बारीक अक्षरे जमतात. पण जुन्या पट्टीवरून थेट साचा काढला तर पितळ थंड होताना दीड ते दोन टक्के आकसते. तीस सेंटिमीटरच्या पट्टीत पाच मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो, आणि मागच्या पिना पत्र्यातल्या भोकांत बसत नाहीत. भोके वाढवणारे महाभाग आहेत. आम्ही पट्टी स्कॅन करून तेवढ्याच टक्क्यांनी मोठा नमुना थ्रीडी प्रिंटरवर छापतो आणि त्यावरून साचा करतो. मग घासकाम, मग बफिंग, मग चोर्ला घाट चढून बेळगाव, कारण प्लेटिंग तिकडे होते. झळाळी खरे तर खालच्या निकेलची असते. वरचा क्रोमचा थर मायक्रॉनच्या पाव भागाएवढाही पुरतो. क्रोम चढवताना निघणारे सांडपाणी विषारी असते, त्यामुळे हा धंदा गल्लीबोळात वाढू नये याच मताचा मी आहे.

घरच्या थ्रीडी प्रिंटरवर डॅशबोर्डचे नॉब छापून विकणारी तरुण मुले मला आवडतात, पण त्यांनी पीएलए हे प्लॅस्टिक वापरू नये. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड तिथवर सहज जातो. एएसए हे दुसरे प्लॅस्टिक वापरा, ते ऊनही सोसते. मागच्या दिव्यांच्या लाल काचा मात्र रेझिनमध्ये ओतून विकण्याला माझा साफ विरोध आहे. त्या काचेत प्रकाश परतवणारे बारीक पैलू असतात. ते बिघडले तर रात्री मागून येणाऱ्याला गाडी दिसायची नाही. तिथे हौस नको.

फसवणूकही होते, हे मान्य करतो. म्हापशातल्या माझ्या एका स्नेह्याला कुणीतरी ‘कंपनीचा न वापरलेला जुना स्टॉक’ म्हणून ग्रीलची पट्टी विकली. मागे कानशीचे ओरखडे ताजे होते. यावर उपाय सोपा आहे. घडवणाऱ्याने भागाच्या मागे, न दिसणाऱ्या बाजूला, आपली खूण आणि साल ओतावे. मी ओततो. आकाराची नक्कल कायद्यात बसते का म्हणाल तर नोंदणीकृत डिझाइनला जास्तीत जास्त पंधरा वर्षांचे संरक्षण असते, ते केव्हाच संपले. नावाची गोष्ट वेगळी. अँबॅसॅडर हे नाव २०१७ साली प्यूजोने ऐंशी कोटींना घेतले, तेव्हा ती अक्षरे ओतून बाजार मांडण्याआधी विचार करावा.

खरी अडचण पैशांचीही नाही, संख्येची आहे. ईपीडीएम या कृत्रिम रबराची पट्टी काढायला त्या आकाराची डाय, म्हणजे साचा लागतो, आणि कारखानदार दोन गाड्यांपुरती पट्टी काढून देत नाही. गोव्यात प्रत्येक मालक आपले मोजमाप मुठीत धरून बसला आहे. फर्मागुढीचे अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा डिचोलीची आयटीआय यांनी विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून या पट्ट्यांचे छेद, म्हणजे आडव्या कापाचे आकार मोजून नकाशे काढायला लावले, तर एकत्र ऑर्डर देता येईल. सरकारकडे पैसे मागत नाही.

तोवर एक विनंती. काच काढताना जुने रबर फेकू नका. कितीही तडकलेले असो, वितभर तुकडा सरळ कापून, न ताणता, सावलीत ठेवा. कोपऱ्याचा तुकडा चालत नाही, तिथे छेद दबलेला असतो. आणि गाडीचे मॉडेल व साल त्यावर खडूने नको, कागदावर लिहून बांधा.

आपला,
एक निवृत्त टर्नर, साखळी