अडीच आठवड्यांचा पंतप्रधान

लिस्बन

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पोर्तुगालचा पुढचा हुकूमशहा सालाझार याच्या आधी इथे सत्ता नौदलाच्या माणसाकडे कशी आली आणि लगेच गेली कशी, असं तुम्ही विचारलंत. तो माणूस झोझे मेंदिश काबेसादश, जन्म १८८३, दक्षिणेतल्या लोले गावचा.

४ ऑक्टोबर १९१०ला 'आदमाश्तोर' ही क्रूझर त्याच्या ताब्यात होती. वय अवघं २७. तेजो नदीतून या क्रूझरने आणि 'साँ राफाएल'ने राजवाड्यावर तोफा डागल्या. राजा मानुएल आधी माफ्राला, तिथून एरिसेइराच्या किनाऱ्यावरून बोटीने जिब्राल्टरला पळाला. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक जाहीर झालं. राजवाडा नदीवरून माऱ्यात येत होता, म्हणून जहाजांवर भागलं. १९२६त तसं भागणार नव्हतं, खरी मेख तिथेच आहे.

२८ मे १९२६ला जनरल गोमिश द कोश्ताने उत्तरेत ब्रागाला बंड केलं. लिस्बनची बाजू काबेसादशने सांभाळली. ३० मेला सरकार पडलं. राष्ट्राध्यक्ष माशादूंनी त्यालाच मंत्रिमंडळ बनवायला सांगितलं आणि ३१ला स्वतःचे अधिकारही त्याच्या हाती देऊन ते बाजूला झाले. बंडखोराला सत्ता मिळाली ती अशी रीतसर! त्याला सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाची मक्तेदारी मोडायची होती, प्रजासत्ताक नव्हे. लष्करातल्या कडव्यांना हा मवाळपणा खपला नाही.

पलटणी जनरलकडे होत्या. ६ जूनला सुमारे १५,००० सैनिक घेऊन तो लिस्बनमध्ये शिरला. १७ जूनला शहराच्या वेशीवरच्या साकावेंहून त्याने दबाव आणला आणि काबेसादशने न लढता राजीनामा दिला. लढायचं तर आपल्याच राजधानीवर तोफा वळवायच्या, तेही भूदलासमोर. मला तरी त्याचं चुकलं असं वाटत नाही. गंमत म्हणजे त्याच्याच मंत्रिमंडळात अर्थखातं कोइंब्राच्या एका प्राध्यापकाला मिळालं होतं. तोच सालाझार, पण तेव्हा तो काही दिवसांतच परत गेला.

९ जुलैला जनरलचीही गच्छंती झाली. लष्करातल्याच जनरल कार्मोनाच्या गटाने त्याला अझोर्सला धाडलं. सालाझार १९२८ला अर्थखात्यात परतला, १९३२ला पंतप्रधान झाला. मधल्या १९३०च्या वसाहत कायद्याने गोव्याचा कारभार लिस्बनच्या मुठीत आवळला गेला. १९५५ला गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडणारी राजवट ती हीच.

काबेसादश नंतर सालाझारविरुद्धच्या कटांत होता, १९४७च्या फसलेल्या उठावातही. १९६१त लोकशाहीची मागणी करणाऱ्या जाहीरनाम्यावर त्याने सही केली. जून १९६५ला तो वारला तेव्हा सालाझार खुर्चीतच होता.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
विनय