सब्जेक्ट टू कोल्हापूर ज्युरिस्डिक्शन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात ऑनलाइन फसवणुकीची बातमी होती, त्यात शेवटी एक ओळ होती की खरेदीदार परराज्यातला असल्यामुळे विक्रेत्यापुढे फारसे पर्याय उरत नाहीत. ती वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. हेच वाक्य मी पोलीस ठाण्यात ऐकलंय, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ऐकलंय, घरात जेवताना सुद्धा ऐकलंय आणि ते चूक आहे.

आमचं घर कोल्हापुरी चपलांचं. सासरे, आमचे हे आणि दीर तिघं बसतात कामाला, मी ऑर्डर, हिशोब आणि व्हॉट्सअॅप बघते. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, ते प्रकरण गाजलं आणि तेव्हापासून आम्हाला कुठून कुठून मेसेज यायला लागले, दिल्ली, बंगळुरू, गुवाहाटी. त्यातलाच एक जयपूरचा. बुटीक आहे म्हणाला, हिंदी गोड, रोज सकाळी गुड मॉर्निंग. साठ जोड कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार), जोडी ७८० ला, म्हणजे ४६,८०० ची ऑर्डर. १०,००० अॅडव्हान्स यूपीआयने आले, खरे आले, म्हणून तर विश्वास बसला. तीन आठवडे लागले माल व्हायला, चामड्याच्या वेण्या घालून घालून दिरांची बोटं सुजली. शनिवारी संध्याकाळी उरलेल्या ३६,८०० चा एनईएफटी केल्याचा स्क्रीनशॉट आला, वर मेसेज की मॅडम आज बँक बंद आहे, सोमवारी पैसे पडतील पण आजची गाडी चुकली तर माझं प्रदर्शन जाईल. मी माल टाकला गाडीत आणि बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या माल-पावतीचा, फोटो पण पाठवून दिला, काय बोलायचं आता.

नंतर कळलं की एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालतं, रविवारी पण, दर अर्ध्या तासाला पैसे पुढे सरकतात, 'सोमवारी पडतील' हे वाक्यच खोटं. आणि स्क्रीनशॉटवरचा नंबर बारा आकडी होता. एनईएफटीचा नंबर सोळा अक्षरांचा असतो, सुरुवातीला बँकेची इंग्रजी अक्षरं, बारा आकडी नंबर यूपीआयचा असतो. त्याने दिलेला जीएसटी नंबर ०७ ने सुरू होत होता. ०७ म्हणजे दिल्ली, राजस्थानचा ०८, आपला २७. जीएसटीच्या साइटवर कुणाचाही नंबर टाकून नाव बघता येतं, फुकट, दोन मिनिटांचं काम, ते मी माल गेल्यावर केलं. तो नंबर दिल्लीच्या कुठल्यातरी हार्डवेअरवाल्याचा निघाला, त्या बिचाऱ्याला पत्ता पण नसेल.

सोमवारी पैसे आले नाहीत तेव्हा माल अजून गाडीत होता. हे लिहिताना अजून पोटात कालवतं. मी दिवसभर त्यालाच फोन करत बसले, ट्रान्सपोर्टला केला नाही. १९३० चा जुना मालविक्री कायदा आहे, त्यात ज्याचे पैसे मिळाले नाहीत त्या विक्रेत्याला माल वाटेतच थांबवायचा हक्क दिलाय, अट एवढी की खरेदीदाराने देणी देणं बंद केलेलं असलं पाहिजे किंवा त्याला ती देता येत नसली पाहिजेत. कायद्याचा कीस नंतर पाडता येतो, आधी ट्रान्सपोर्टला फोन आणि लगेच ईमेल, की बिल्टी नंबर अमुक, डिलिव्हरी देऊ नका. त्याहून सोपं म्हणजे बिल्टी 'सेल्फ' नावाने करायची, म्हणजे माल घेणारा म्हणून आपलंच नाव, मूळ कागद आपल्या हातात ठेवायचा, पैसे खात्यात दिसले की मगच तो कागद पाठवायचा. आमचे सासरे म्हणाले पूर्वी सगळे असंच करायचे, व्हॉट्सअॅप आलं आणि सगळे शहाणे झाले.

बुधवारी तिकडे माल उचलला, गुरुवारी त्याचा फोन बंद.

पोलीस ठाण्यात गेले तर पहिलं वाक्य, ताई जयपूरला जाऊन तक्रार द्या. दुसरं वाक्य, ही सिव्हिल मॅटर आहे. मी म्हटलं झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची तक्रार, तरी घ्या, कारण तेवढाच शब्द मला टीव्हीवर ऐकून माहीत होता. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे लागू झाले, त्यातल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. पण खरी गंमत पुढे आहे, जी मला नंतर वकीलबाईंनी सांगितली. आमच्या केसला झिरो एफआयआरची गरजच नव्हती! त्याच संहितेचं कलम २०२ म्हणतं की मेसेजवरून, फोनवरून फसवलं असेल तर मेसेज जिथून गेला ते कोर्ट पण चालतं आणि जिथे मिळाला ते पण चालतं. आणि फसवून माल काढून घेतला असेल तर फसलेल्या माणसाने माल जिथे दिला तिथलं कोर्ट चालतं. मेसेज मला सुभाषनगरात मिळाला, माल मी कोल्हापुरात गाडीत टाकला, म्हणजे गुन्हा इथलाच, तपास इथल्याच ठाण्याचा. ही काही नवी सवलत नाही, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १८२ नंबरला हेच होतं. तरी माणसाला जयपूरचा रस्ता दाखवतात.

'सिव्हिल मॅटर' मध्ये मात्र थोडं तथ्य आहे आणि ते समजून घेतलं पाहिजे नाहीतर आपलीच बाजू लंगडी पडते. नुसते पैसे थकले म्हणजे फसवणूक होत नाही, धंद्यात कुणाचेही थकतात. पहिल्यापासून द्यायचेच नव्हते हे दिसलं पाहिजे. खोटा स्क्रीनशॉट, दुसऱ्याचा जीएसटी नंबर, माल उचलल्याच्या दुसऱ्या दिवशी बंद झालेला फोन, या तिन्ही गोष्टी मिळून ती नियत दिसते. तक्रारीत हे वर यायला हवं आणि 'पैसे दिले नाहीत' हे खाली, मी पहिल्या अर्जात नेमकं उलटं लिहिलं होतं. सुप्रीम कोर्टाने २०१३ साली ललिता कुमारी निकालात दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली तर एफआयआर घ्यायलाच हवा असं सांगितलं, पण व्यापारी व्यवहारात आधी प्राथमिक चौकशी करायची मुभा पण ठेवली आणि ठाण्यावाले त्याच फटीतून सटकतात. कलमं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेचं ३१८ पोटकलम ४, जुनं ४२०, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा. दुसऱ्याचं नाव घेऊन ऑनलाइन फसवलं म्हणून आयटी कायद्याचं ६६ ड, तीन वर्षांपर्यंत. खोटा स्क्रीनशॉट बनवून खरा म्हणून वापरला त्याची कलमं वेगळी.

ठाण्यात ऐकत नसतील तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवायचा, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, पावती जपून. तिथेही काही झालं नाही तर शपथपत्र जोडून मॅजिस्ट्रेटकडे, ते तपासाचा आदेश देऊ शकतात. ही पायरी चुकवून डायरेक्ट कोर्टात जाऊन उपयोग नाही. मला हे सगळं ज्यांनी सांगितलं त्या वकीलबाई फुकट मिळाल्या, कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथून. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही, हे किती जणींना माहीत आहे? मला तरी नव्हतं, मी आधी एका खाजगी वकिलाला फी विचारून घाबरून परत आले होते. या वकीलबाईंनी पहिलं काम काय सांगितलं तर मोबाईल बदलू नका, चॅट डिलीट करू नका, आख्खं चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. कोर्टात नुसती प्रिंट चालत नाही, साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

अधीक्षकांना अर्ज गेल्यावर आमच्या ठाण्यात गुन्हा नोंद झाला. पैसे आलेले नाहीत, उगाच कुणाची आशा वाढवत नाही.

आता बिलबुकाची गोष्ट. आमच्या बिलाच्या तळाशी बारीक इंग्रजीत 'सब्जेक्ट टू कोल्हापूर ज्युरिस्डिक्शन' छापलंय, सासऱ्यांच्या वडिलांपासून. अर्थ कुणाला माहीत नव्हता, प्रेसवाला छापतो म्हणून छापलंय. अर्थ असा की दिवाणी भांडण झालं तर कोल्हापूरच्या कोर्टात. व्यवहाराचा काही भाग इथे घडला असेल, आणि बिल आपण इथे केलं, माल इथून दिला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० ने इथे दावा लागतोच, ती ओळ त्याला बळकटी देते. जिथे काही संबंधच नाही अशा गावाचं कोर्ट मात्र नुसतं छापून मिळत नाही. दाव्याला मुदत तीन वर्षं. खोटं नाव असलेल्या भामट्यावर दावा लावून काय करणार हा प्रश्न आहेच, आणि खरा माणूस असला तरी निकाल लागल्यावर वसुलीसाठी हुकूमनामा त्याच्या गावच्या कोर्टात पाठवावा लागतो, मग तिकडचा वकील, तिकडच्या तारखा. छत्तीस हजारांसाठी मी तरी ते केलं नाही. ग्राहक मंचाचं सगळे सुचवतात पण तिथे आपण ग्राहक नाही, विकणारे आहोत, ते दार आपलं नाही.

खरा, सापडणारा, पत्ता असलेला पण पैसे न देणारा खरेदीदार असेल तर त्याहून चांगला रस्ता आहे आणि तो आमच्या गल्लीत कुणालाही माहीत नव्हता. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. आधारवर होते, एक रुपया लागत नाही. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे कराराने सुद्धा ४५ दिवसांपेक्षा जास्त थकवता येत नाहीत, लेखी काही ठरलं नसेल तर पंधराच दिवस, आणि पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, ते पण दर महिन्याला चक्रवाढ. २००६ चा कायदा आहे हा. त्यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे खरेदीदार भारतात कुठेही असो, प्रकरण विक्रेत्याच्या राज्यातल्या सुलभता परिषदेपुढे (थकलेल्या पैशांचे असे वाद ऐकणारी सरकारी परिषद) चालतं, आणि निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर त्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. पण नोंदणी माल देण्याआधीची असलेली बरी आणि आपण स्वतः बनवणारे पाहिजे, नुसतं आणून विकणाऱ्या दुकानदाराला हा फायदा नाही. आम्ही नोंदणी केली ती फसल्यानंतर, म्हणजे वराती मागून घोडं, पण पुढच्याला तरी लागू.

मोठ्या ऑर्डरला आता मी चेक मागते, लोक हसतात. हसू देत. चेक वटला नाही तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस, तरी दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार, आणि २०१५ च्या दुरुस्तीपासून आपलं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात. २०१४ च्या एका निकालाने हे सगळं समोरच्याच्या बँकेच्या गावाला गेलं होतं, व्यापाऱ्यांनी बोंब मारली म्हणून कायदा बदलला. म्हणजे बोंब मारल्याने होतं काहीतरी.

आणखी दोन प्रकार सांगते, कारण त्यात वेळेचा खेळ आहे. माझ्या नणंदेने जुना सोफा ऑनलाइन टाकला, मिलिटरीतून बोलतोय म्हणणाऱ्याने पैसे घ्यायला म्हणून क्यूआर पाठवला, तिने पिन टाकला आणि खात्यातून गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही हो, कधीच नाही. असं झालं तर ठाण्यात जायच्या आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, त्याच मिनिटाला, पैसे पुढच्या खात्यात अडकवता येतात तोवरच खरं, नंतर ते दहा खात्यांत फुटतात. माझ्या बाबतीत माल गेला होता, पैसे नाही, त्यामुळे १९३० चा तसा उपयोग नव्हता, तरी तक्रार नंबर मिळाला तो पुढे कामाला आला.

दुसरा प्रकार त्याहून वाईट. मावसभावाचं मोबाईलचं दुकान. बाहेरच्या राज्यातल्या गिऱ्हाईकाने ऑनलाइन पूर्ण पैसे दिले, याने मोबाईल कुरिअर केला, आणि महिन्याने याचं आख्खं खातं गोठलं कारण ते पैसे तिसऱ्याच कुणाच्या फसवणुकीतले होते आणि तिकडच्या पोलिसांनी बँकेला कळवलं होतं. गिऱ्हाईकाला मोबाईल, याला कुलूप. त्याने बँकेकडून लेखी घेतलं कुठलं ठाणं आणि तक्रार नंबर काय, मग त्या ठाण्याला बिल, कुरिअरची पावती, मोबाईलचा आयएमईआय नंबर सगळं पाठवून मागणी केली की वादातली रक्कम तेवढी अडकवा, बाकीचं खातं मोकळं करा. ते नाही झालं तर मॅजिस्ट्रेट, नाहीतर हायकोर्ट, आणि आता १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच असल्याने तेवढ्यासाठी मुंबईची रात्रीची गाडी धरायला नको.

तुम्हाला विनंती एवढीच की 'परराज्यातला असल्याने पर्याय नाहीत' ही ओळ दुरुस्त करून छापा, आणि चौकटीत कलम २०२ द्या, मोठ्या अक्षरात, म्हणजे कुणाला ठाण्यात जयपूरला जा म्हणाले तर तेवढं कात्रण तरी पुढे करता येईल.

आपली,
एक वाचक, सुभाषनगर, कोल्हापूर