परतवाड्याच्या अलाइनमेंटवाल्या भाऊंना जाहीर आभारपत्र

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

पत्रात नाव घालू नका, असे तुम्ही मला बजावले आहे, म्हणून ते घालत नाही. परतवाडा, अचलपूर आणि चांदूर बाजारकडच्या गाडीवाल्यांना हे पत्र कोणासाठी आहे ते वेगळे सांगावे लागणार नाही. माझ्या दोन आसनी स्पोर्ट्स कारचे सस्पेन्शन तुम्ही ज्या चिकाटीने जुळवून दिले, त्याबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत. मोघम शब्दांत ते मानले तर तुमच्या कामाचे मोल कोणाला कळणार नाही, म्हणून तुम्ही नेमके काय केले ते सविस्तर लिहितो.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा आधीच्या मालकाने उंची कमीजास्त करता येणारे स्प्रिंग बसवून ती बरीच खाली घेतलेली होती. पुढचे टायर आतल्या कडेने असे खाल्ले जात होते की, बाहेरच्या बाजूला ५ मिलिमीटर नक्षी शिल्लक असताना आतून तारा उघड्या पडल्या. चिखलदऱ्याच्या घाटात वळण घेताना स्टिअरिंग पुरेसे फिरवूनही गाडीचे तोंड बाहेरच जायचे. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपने संगणकावर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन आणि दिशा जुळवण्याचे काम, करून सगळे आकडे हिरवे असलेला कागद हातात दिला, आणि त्यानंतर घातलेला टायरचा नवा जोडही त्याच वाटेने गेला.

तुम्ही तो कागद वाचलात, घडी करून परत दिलात आणि पान्याला हात न लावता आधी टायरवर तळहात फिरवलात. एका दिशेने रबर गुळगुळीत लागत होते आणि उलट दिशेने प्रत्येक ठोकळ्याची कड हाताला टोचत होती. माझाही हात धरून तुम्ही तो तसाच फिरवायला लावलात आणि सांगितलेत की, चाकाचा कल, म्हणजे कॅम्बर, जास्त असला तर टायर एका कडेने सरळ झिजतो, पण असे दाते पडतात ते चाके चालताना आडवी घासतात म्हणून, म्हणजे टोमुळे; चाकांची तोंडे सरळ न राहता किती आत किंवा बाहेर वळली आहेत, तो टो. दोष कुठे शोधायचा हे त्या एका स्पर्शाने ठरले.

मग तुम्ही गाडीखाली जाऊन लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, मागचा बुश, म्हणजे सांध्यातले रबर, दाखवलात. तो वरून धड दिसत होता, पण आतून फाटला होता. चाकाच्या बाजूने सूत ताणून, त्यावर पट्टी धरून तुम्ही आर्मवर पहारेने दाब दिलात, तेव्हा चाकाची पुढची कड मागच्या कडेच्या मानाने डोळ्यांदेखत २ मिलिमीटर बाहेर सरकली. दुसऱ्या बाजूलाही तेच झाले. उभ्या गाडीवर घेतलेले आकडे खरेच होते. ब्रेक लागला की मात्र आर्म मागे जात असे आणि दोन्ही चाके बाहेर तोंड करत. या मापाच्या टायरला २ मिलिमीटर म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ३ मीटर आडवे घासणे, हा हिशेब तुम्ही खडूने फरशीवर मांडून दाखवलात. बुश बदलल्याशिवाय अलाइनमेंटचे पैसे घेणार नाही, हेही तुम्ही त्याच वेळी सांगितलेत.

उंचीबद्दल तुम्ही जे समजावलेत, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण स्पोर्ट्स कार जितकी खाली तितकी वळणात चांगली, असा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. माझ्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात. अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाची ही रचना १९५० च्या फोर्ड कॉन्सलनंतर छोट्या गाड्यांत सर्वत्र पसरली. ती सुटसुटीत आणि स्वस्त आहे. पण गाडी फार खाली घेतली की लोअर आर्मचे चाकाकडचे टोक आतल्या टोकापेक्षा वर जाते, आणि मग वळणात गाडी कलली की बाहेरचे चाक आत कलण्याऐवजी बाहेरच्या बाजूला कलू लागते. टायर खांद्यावर, म्हणजे बाहेरच्या कडेवर, येतो आणि पकड सुटते. त्यात भर म्हणजे माझ्या गाडीचा शॉकअप वळणाच्या मध्यावर रबरी स्टॉपरवर टेकत होता. तो टेकला की स्प्रिंग एकाएकी कितीतरी कडक झाल्यासारखे होते आणि पुढची चाके घसरतात. स्टॉपरवरची ताजी घासण तुम्ही बॅटरीच्या उजेडात दाखवलीत आणि गाडी दोन सेंटिमीटर वर उचललीत. आपल्याकडे काळ्या मातीवरचे रस्ते पावसात फुगतात आणि उन्हाळ्यात खचतात, तेव्हा चाकाला वरखाली व्हायला जागा हवीच. ती जागा मिळाली आणि वळणही सुधारले.

त्यानंतरचे काम मी उभा राहून पाहिले. गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी लावून तुम्ही चारही चाकांखालची जमीन एका पातळीत आणलीत, पुढच्या चाकांखाली ग्रीस लावलेल्या दोन-दोन फरशा सरकवल्यात, म्हणजे चाके मोकळी फिरून आपल्या जागी बसतील, आणि माझ्या वजनाइतका भार म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर तुरीचा ५० किलोचा कट्टा व २० लिटरचा पाण्याचा कॅन ठेवलात. कॅम्बर आधी आणि टो शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो आपोआप बदलतो. पुढचा कॅम्बर तुम्ही उणे दीड अंशावर आणलात. ओळंबा सोडून मोजले तेव्हा रिमची वरची कड खालच्या कडेपेक्षा १२ मिलिमीटर आत होती. पुढच्या दोन चाकांचा मिळून टो १ मिलिमीटर आत ठेवलात, कारण मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पुढची चाके रस्त्याच्या ओढीने थोडी बाहेर उघडतात. मागचा टो-इन २ मिलिमीटर ठेवलात, म्हणजे ब्रेक मारताना मागची बाजू स्थिर राहते. नट आवळल्यावर गाडी पुढेमागे ढकलून, दाबून, प्रत्येक माप तुम्ही पुन्हा घेतलेत.

मागचा स्टॅबिलायझर बार, म्हणजे वळणात गाडीचे कलणे आवरणारा आडवा दांडा, कडक करावा, असे मी सुचवले होते. तुम्ही स्पष्ट नकार दिलात. पुढची पकड कमी आहे म्हणून मागची कमी करायची नाही, पावसात घाटातल्या ओल्या सागाच्या पानांवर तशी गाडी मागून निसटेल, असे तुम्ही म्हणालात. या नकाराबद्दल मी तुमचा विशेष ऋणी आहे.

घाटात आपण पाटीवरच्या वेगानेच गेलो, पण टायरच्या खांद्यावर तुम्ही ओढलेल्या खडूच्या रेघांनी सगळे सांगितले. पूर्वी रेघ पार बाजूच्या अक्षरांपर्यंत पुसली जात असे, आता ती खांद्यावरच्या छोट्या त्रिकोणापाशी थांबली. गाडीचे तोंड स्टिअरिंगबरोबर वळते, आणि वळणातून बाहेर पडताना हातात ओढ जाणवत नाही.

हवेबद्दल दिलेला सल्लाही मी पाळतो. तापमान साधारण ६ अंशांनी वाढले की टायरमधली हवा १ पीएसआयने वाढते. त्यामुळे मे महिन्यात दुपारी ४५ अंशांत ती जास्त दिसली तरी सोडायची नाही, पहाटे थंड टायरवरच तपासायची. घरातल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीलाही आता हाच नियम आहे.

मृग बहाराची संत्री उतरली तेव्हा मी टायरची खोली मोजली. पुढच्या दोन्ही टायरची नक्षी आत, मध्ये आणि बाहेर जवळजवळ सारखीच आहे, फरक अर्ध्या मिलिमीटरच्याही आत आहे, आणि १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेपासून ती अजून बरीच दूर आहे. मापांचा कागद सोबत जोडला आहे. तुमच्याकडे शिकणाऱ्या मुलांना तो दाखवावा, अशी विनंती आहे. सूत धरण्याचे आणि आकडे लिहिण्याचे काम त्यांनी फार मन लावून केले, त्यांचेही मनापासून आभार.

मागच्या आर्मचे बुश पावसाळ्यापूर्वी बघायचे, असे आपले ठरले आहे. बाजाराचा दिवस सोडून कोणत्याही सकाळी गाडी घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
अचलपूर तालुक्यातील एक संत्रा उत्पादक